कबड्डीतला चढाईपटू सुधारतोय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

पोराने चढाईत १२ गुण घेतले म्हटलं की मैदानाबाहेर सगळे खूश. मंडळाच्या ग्रुपवर फोटो फिरतो, घरचे पेढे आणतात. पण ते १२ गुण किती चढायांत आले, समोर किती गडी होते आणि त्यापायी तो स्वतः किती वेळा बाहेर जाऊन बसला, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

दोन चढाईपटू समोर ठेवू. पहिल्याने २२ चढाया केल्या. १० यशस्वी, ५ रिकाम्या (ना गुण, ना बाद), ७ वेळा बाद. गुण १२, त्यात ५ बोनसचे (गडी न मारता, बोनस रेषा ओलांडून मिळालेले). दुसऱ्याने १६ चढाया केल्या. ७ यशस्वी, ७ रिकाम्या, २ वेळा बाद. गुण ८, सगळे गडी मारून आणलेले. टाळ्या पहिल्याला पडणार. आता वजाबाकी करा. पहिल्याने १२ आणले आणि बाद होऊन किमान ७ दिले, म्हणजे हातात ५. त्या सातपैकी दोन वेळा समोर तीनच गडी असतील, तर त्या अव्वल पकडी झाल्या आणि प्रत्येकी एक जादा गुण गेला. मग उरले ३. दुसऱ्याने ८ आणले, २ दिले, हातात ६.

हिशेब इथेच संपत नाही. बोनसचा गुण फलकावर लागतो, पण त्याने आपला बाद झालेला गडी आत येत नाही. म्हणजे पहिल्याच्या १२ गुणांतून फार तर ७ गडी आत आले, आणि तो बाद झाला त्या ७ वेळा समोरच्यांनाही आपला गडी उठवायची संधी मिळाली. बरोबरीचा व्यवहार झाला. दुसऱ्याने ८ आत आणायची सोय केली आणि फक्त दोनदा समोरच्यांना संधी दिली. सामना फिरतो तो या फरकावर. बोनस कमी दर्जाचा आहे असं मी म्हणत नाही. आपले सातही गडी आत असताना बोनस म्हणजे जवळजवळ फुकटचा गुण. पण आपले चार बाहेर बसलेत आणि मुख्य चढाईपटू बोनस घेऊन छाती काढून परत येतोय, तेव्हा मार्गदर्शकाने टाळी वाजवायची की कपाळाला हात लावायचा, हे त्यानेच ठरवावं.

नोंद कशी ठेवायची

पंचांच्या गुणपत्रिकेवरून खेळाडू समजत नाही. ती सामन्याचा निकाल लावायला असते. आपली वही वेगळी हवी, आणि तिच्यात एका चढाईला एक ओळ. ४० मिनिटांचा सामना आणि ३० सेकंदांची चढाई धरली तर दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया होतात. काही चढाया लवकर आटपतात म्हणून १०० ओळी आखून ठेवाव्यात. ओळीत सामन्याची वेळ, चढाईपटूचा क्रमांक, समोर किती गडी, संघाची ही पहिली, दुसरी की तिसरी चढाई, हल्ला कोणत्या बाजूला, निकाल, आणि शेवटी ‘कसं’. उदाहरणार्थ: ‘१४:२० – ७ नं. – समोर ५ – तिसरी – डावीकडे – बाद – उजवा कोपरा, घोटा.’ (कोपरा म्हणजे बचावाच्या टोकाला उभा राहणारा गडी; त्याने घोटा धरला.) एवढं पुरतं. यापेक्षा जास्त रकाने आखले की तिसऱ्या मिनिटाला लिहिणारा मागे पडतो आणि मग अंदाजाने भरायला लागतो. अंदाजाने भरलेल्या वहीपेक्षा कोरी वही बरी.

एकट्याने हे काम होत नाही. एकाने नजर मैदानावर ठेवून बोलायचं, दुसऱ्याने मान खाली घालून लिहायचं. राखीव खेळाडूंना या कामाला बसवावं. दोन-तीन सामन्यांत त्यांची नजर बदलते, हा वरचा फायदा.

मोबाईलवर चित्रण करत असाल तर मोबाईल स्टँडवर, अंतिम रेषेच्या मागे, शक्य तितक्या उंचीवर ठेवावा. गच्ची, प्रेक्षागृहाची वरची पायरी, काहीही चालेल. अर्धं मैदान पूर्ण दिसलं पाहिजे. हातात धरून चढाईपटूच्या मागे कॅमेरा फिरवणं ही नेहमीची चूक. चढाईपटू मस्त दिसतो, पण त्याला दाबायला दुसऱ्या बाजूने कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहणारा बचावातला गडी) कधी निघाला तेच चौकटीबाहेर राहतं. पाहायचं असतं नेमकं तेच.

रिकामी चढाई हा सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा रकाना. आपण ४ गुणांनी पुढे आहोत, दोन मिनिटं उरलीत, बाहेरून ‘वेळ काढ’ म्हणून हुकूम गेलाय, आणि पोरगा निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ओलांडून २८ सेकंद काढून आला. ही रिकामी चढाई उत्तम. दुसऱ्या प्रकारात तो ३.७५ मीटरवरची निदान रेषा कशीबशी ओलांडतो, कारण न ओलांडता परतला तर बाद, आणि मागे येतो. त्याने ना कोपरा हलवला ना कव्हर उघडला. ही खरी रिकामी. तिसऱ्या प्रकारात तो खोल शिरतो, कोपऱ्याला मागे ढकलतो, दोनदा हात टाकतो, गुण मात्र मिळत नाही. या चढाईने पुढच्या चढाईपटूसाठी वाट केलेली असते. वहीत तिघांनाही शून्य, म्हणून शून्याच्या पुढे एक खूण करायची: हुकमाची, भित्री, खोल. तीनच खुणा. महिन्याभराने पोराच्या भित्र्या चढाया कमी होऊन खोल वाढल्या असतील, तर गुण तेवढेच दिसले तरी प्रगती झालेली आहे.

तिसऱ्या चढाईचा हिशेब वेगळाच ठेवावा. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा. कोणता पोरगा ती मागून घेतो, कोणता बुटाची लेस बांधत बसतो, हेही टिपावं. तिसऱ्या चढाईत बचाव करणाऱ्यांना घाई नसते. घड्याळच त्यांच्या बाजूने खेळत असतं. तिथे १० पैकी ४ वेळा गुण आणणाऱ्याला ‘निम्म्याहून जास्त वेळा मरतो’ म्हणून खाली बसवणं हा अडाणीपणा. त्याला मोजायचं तर इतरांच्या तिसऱ्या चढायांशी मोजा.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात चढाईतले सर्वाधिक गुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकच्या नावावर होते, पण हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार. चढाई, पकड आणि मॅटवर टिकून राहणं, तिन्ही खात्यांत तो जमेला होता. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणने हरियाना स्टीलर्सला २८–२५ असं हरवलं. इतक्या कमी गुणांचा अंतिम सामना असेल तर एकेक बाद होणं किती महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको.

पकड करणाऱ्याचं माप

पकडीत सरळ हिशेब असा: पकड यशस्वी झाली तर एक गुण आपल्याला, फसली तर निदान एक त्यांना. म्हणजे निम्म्या प्रयत्नांत यश ही बरोबरीची रेघ. ९ वेळा हात घालून ४ पकडी केलेला कोपरा ‘चार पकडी’ म्हणून मिरवतो, पण फसलेल्या पाचांत त्याच्याबरोबर हात धरून उभ्या साखळीतला दुसराही स्पर्शाने बाद झाला असेल तर नुकसान सात-आठ गुणांवर जातं. म्हणून पकडीची नोंद प्रयत्नासकट. प्रयत्न न लिहिता नुसत्या यशस्वी पकडी मोजणारे संघ उतावळे कोपरे तयार करतात.

आणखी एक अन्याय इथे नेहमी होतो. पकडीचा गुण ज्याने पहिला हात घातला त्याच्या नावावर जातो. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, चढाईपटू रेटून मध्यरेषेकडे निघाला, आणि डाव्या कव्हरने पुढे येऊन छातीने वाट अडवली. कव्हर नसता तर तो घोट्यासकट पलीकडे गेला असता. गुण कोपऱ्याचा, कव्हर शून्यावर. वहीत ‘साथ’ नावाचा रकाना ठेवा आणि त्यात दुसरा माणूस किती वेळात पोहोचला ते चित्रणावरून लिहा. हात पडल्यापासून एका सेकंदाच्या आत दुसरा पोहोचत नसेल, तर पकड फसण्याचं खापर कोपऱ्यावर फोडू नका. दोघांची बोलाचाली कमी पडतेय.

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून बोनस रेषा ४.७५ मीटरवर आणि अंतिम रेषा ६.५ मीटरवर. म्हणजे बोनस रेषेच्या मागे १.७५ मीटरच जागा. कोपरा त्या पट्ट्यात किती मागे उभा आहे, यावर त्याचा आत्मविश्वास कळतो. पहिल्या दहा मिनिटांत बोनस रेषेला चिकटून उभा असलेला कोपरा शेवटच्या दहा मिनिटांत अंतिम रेषेवर टाचा टेकवत असेल, तर तो दमलाय किंवा घाबरलाय. चढाईपटू हे आपल्या मार्गदर्शकाच्या आधी पाहतो.

समोरचे काय पाहतात

मार्गदर्शकाची वही आणि प्रतिस्पर्ध्याची नजर यांत प्रतिस्पर्ध्याची नजर जास्त निर्दय असते, आणि म्हणून जास्त खरी. तिला पोराच्या कष्टांशी, घरच्या परिस्थितीशी, तो किती गुणी आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

चांगला कोपरा चढाईपटूच्या डोळ्यांकडे पाहत नाही; डोळे फसवतात. तो कमरेखाली पाहतो. पुढे कोणता पाय राहतो? वजन कोणत्या पायावर गेलं की उडी येते? परतताना पाठ कुणाकडे वळते? आपल्या डाव्या हाताला गेलेला चढाईपटू समोरच्यांच्या उजव्या कोपऱ्यापुढे येतो. तिथून वळताना त्याची पाठ कव्हरकडे झाली, तर कव्हरला आयती धडक मिळते, कारण चढाईपटूला ती दिसतच नाही. असा पोरगा दोन सामने वाचतो, तिसऱ्यात सापडतो.

मग वेळ. कित्येक चढाईपटू पहिली १५ सेकंद नुसती हालचाल करतात आणि मग जागे होतात. हे एकदा कळलं की बचाव पहिली १५ सेकंद श्वास घेतो आणि सोळाव्याला आवळतो. पाचव्या सेकंदालाही हल्ला करणारा आणि पंचविसाव्यालाही करणारा चढाईपटू पकडायला अवघड. म्हणून वहीत हल्ल्याचा सेकंद लिहिता आला तर सोन्याहून पिवळं. निदान चित्रण पाहताना तरी काढावा. दहा चढायांचे सेकंद एका ओळीत लिहून पाहा. १७, १८, १६, १९, १७ असं येत असेल तर तुमच्या पोराचं वेळापत्रक समोरच्यांनीही पाठ केलेलं आहे.

आवाजसुद्धा. ‘कबड्डी कबड्डी’चा दम विसाव्या सेकंदाला पातळ होत असेल तर समोरच्या कव्हरला ते ऐकू जातं. तो लगेच हात घालणार नाही. अजून पाच सेकंद ताणेल आणि मग घालेल.

बोनसवर जगणाऱ्याची गोष्ट तर फारच सोपी. बोनस मिळायला समोर किमान सहा गडी लागतात. समोर पाचच उरले की अशा चढाईपटूकडे हत्यार राहत नाही. बचाव करणारे त्याला निवांत नाचू देतात आणि तिसऱ्या चढाईची वाट पाहतात. तुमचा चढाईपटू खरोखर किती पाण्यात आहे हे पाहायचं असेल, तर वहीतून फक्त पाच किंवा कमी गडी असतानाच्या चढाया वेगळ्या काढा. आकडा बऱ्याचदा लाज आणतो.

आणि एक गोष्ट जी चढाईच्या रकान्यात येतच नाही: तुमचा मुख्य चढाईपटू बचावात उभा असताना समोरचा त्यालाच मारायला येतो. तो बाहेर बसला की तुमची चढाईची धार गेली. असा पोरगा एका सामन्यात १४ मिनिटं बाहेर बसला आणि त्याच्या चढाया १० वर आल्या, तर ‘आज चाललाच नाही’ म्हणण्याआधी तो बाद कुठे झाला ते पाहा. बचावात मेला असेल तर दोष त्याच्या चढाईत नसून त्याला कुठे उभा केलाय यात आहे. त्याला टोकाच्या जागेवरून काढून आत सरकवणं हा पहिला उपाय. ‘बाहेर बसलेली मिनिटं’ हा रकाना म्हणून सक्तीचा.

प्रतिस्पर्धी किती शिकतो याचं मोठं उदाहरण इराणचं. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि २०१४ पर्यंतची सातही पुरुष सुवर्णं भारताने घेतली. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला भारताने इराणला ३८–२९ हरवलं, पण मध्यंतराला इराण पुढे होता. चढाईपटू अजय ठाकूरच्या १२ गुणांनी सामना वाचवला. दोन वर्षांनी जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणने भारताला २७–१८ हरवलं. दरम्यान फजल अत्राचलीसारखे इराणी कोपरे प्रो कबड्डीत भारतीय चढाईपटूंच्या समोर रोज उभे राहत होते, सरावातही आणि सामन्यातही. कोण कुठल्या पायावर वळतो हे त्यांना तोंडपाठ व्हायला आणखी काय हवं? संपूर्ण सामन्यात भारताचे चढाई-पकड मिळून अवघे १८ गुण, हा आकडा पाहिला की समोरच्याने किती अभ्यास केला होता ते कळतं.

गुण घसरले म्हणजे खेळ घसरला का?

पहिल्या हंगामात चमकलेला पोरगा दुसऱ्या हंगामात आपटतो, हे इतकं नेहमीचं आहे की त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. ‘डोक्यात हवा गेली’ असा निकाल लगेच लागतो. कधी खरंच गेलेली असते. पण बहुतेक वेळा कारण निराळं असतं आणि ते वहीतून काढता येतं.

शेवटच्या पाच सामन्यांतली बाद झालेली प्रत्येक चढाई काढा आणि ‘कसं’ हा रकाना वाचा. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने सापडत असेल, म्हणजे पाचपैकी चार वेळा उजव्या कोपऱ्याने घोटाच धरला असेल, तर तो ओळखला गेलाय. खेळ घसरलेला नाही, जुना झालाय. उपाय एकच: त्याच बाजूला तोच पवित्रा दाखवून तिथून दुसरं काही करायचं. डुबकी मारणाऱ्याने (साखळीच्या हातांखालून निसटणाऱ्याने) साखळी उभीच राहिली नाही तर काय करायचं, रनिंग हँड टचवाल्याने (धावता धावता हात लावणाऱ्याने) कोपरा अर्धा मीटर मागे सरकला तर काय करायचं, हे सरावात उभं करावं लागतं.

बाद होणं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं असेल पण सगळं शेवटच्या दहा-बारा मिनिटांत, तर तो दमतोय. इथे नवं तंत्र शिकवून उपयोग नाही. पाय चालत नाहीत तिथे डोकं काय करणार.

बाद होण्याचं प्रमाण तेवढंच, पण रिकाम्या वाढल्यात? मग समोरच्यांनी त्याच्या अंगावर जाणंच सोडलंय. ते मागे उभे राहतात, त्याला येऊ देतात आणि तिसरीपर्यंत थांबतात. हे खरं तर मानाचं लक्षण. अशा वेळी कोपरा कोण आहे ते पाहा. त्यांचा सगळ्यात चांगला कोपरा त्याच्या बाजूला हलवला असेल, कव्हर आत सरकला असेल, तर प्रतिस्पर्ध्याने त्याला मोठा चढाईपटू म्हणून सहीशिक्क्यानिशी मान्यता दिलेली आहे. गुण मात्र कमी दिसणार. त्याच्याकडे लक्ष गुंतलेलं असताना दुसऱ्या बाजूने चढणाऱ्या आपल्या दुसऱ्या चढाईपटूचे गुण वाढलेत का, तेही तपासा. वाढले असतील तर पहिल्याला खाली बसवणारा मार्गदर्शक दोघांनाही बुडवतो.

चौथी शक्यता स्वतःहून बाद होण्याची. स्पर्श व्हायच्या आधी मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात पाय, रेषेबाहेर पाय, दम तुटणं. याला समोरच्याचा हात लागत नाही. सुरुवातीच्या पोरांत हे चालतं. जिल्हा संघात पोहोचलेल्याच्या वहीत पाच सामन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा दिसलं तर सरावात रेषेचं काम कमी पडतंय.

पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात २६ सामन्यांत चढाईचे ३६९ गुण घेतले, म्हणजे सामन्याला सरासरी १४. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवून तालुक्याच्या पोरांना ‘सुपर टेन’चा (एका सामन्यात चढाईचे १० गुण) ध्यास लावला जातो. १० गुण झाले की पोरगं मोबाईलकडे पळतं. प्रदीपच्या २६ सामन्यांतली सातत्याची सरासरी कुणी पाहत नाही.

सरावातलं मोजमाप फसवं असतं, याचं एक साधं कारण आहे. महिन्यापूर्वी २० चढायांत ९ यशस्वी, आजही ९. प्रगती शून्य? त्या महिनाभरात पकड करणारी पोरंही त्याच मैदानावर त्याच्याविरुद्धच सराव करत होती. तीही सुधारली. दोघं पुढे गेले की आकडा जागच्या जागी राहतो. म्हणून ठरवून चार आठवड्यांनी एकदा दुसऱ्या मंडळाबरोबर सराव सामना घ्यावा आणि तीच चाचणी लावावी: ५ चढाया सात गड्यांसमोर, ५ पाचांसमोर, ५ तिघांसमोर, ५ तिसऱ्या चढाईच्या नियमाने. तिघांसमोरच्या चढायांत धीर कळतो; तिथे मेलं तर दोन गुण जातात आणि सगळे मारले तर लोणाचे दोन जादा मिळतात.

मातीवरचे आणि मॅटवरचे आकडे एकत्र करू नयेत. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर बूट चिकटतो. मातीवर घसरत वळणाऱ्याचा गुडघा मॅटवर अडकतो. माती सोडून मॅटवर आलेल्या पोराचे पहिले दोन-तीन महिने पडझडीचेच असतात. ते वहीत धरायचेच नाहीत. महिलांच्या मैदानात निदान रेषा ३ मीटरवर, बोनस रेषा ४ मीटरवर, त्यामुळे मुला-मुलींचे वेळेचे आकडेही शेजारी ठेवून उपयोग नाही.

शरीराच्या चाचण्यांतली मला सर्वांत कामाची वाटते ती परतीची. चढाईपटू बोनस रेषेवर, तोंड बचावाकडे. समोरच्याचा हात हलला की वळायचं आणि मध्यरेषा गाठायची. ४.७५ मीटर, दीड सेकंदाच्या आसपासचं काम. स्टॉपवॉचने हे मोजू नका. बटण दाबणाऱ्याचीच चूक दोन दशांश सेकंदांची असते आणि तीन महिन्यांची सुधारणा त्याहून कमी भरते. मोबाईलचं मंदगती चित्रण सेकंदाला २४० चौकटींवर लावा, हात हलल्यापासून पाय रेषेपलीकडे पडेपर्यंतच्या चौकटी मोजा. पाच वेळा करून मधला आकडा लिहा. मग १५ चढायांचा सराव झाल्यावर लगेच पुन्हा पाच. ताजा असतानाचा आणि दमल्यावरचा यांतलं अंतर कमी होतंय का, ते पाहायचं. ताज्या पायांचा आकडा सगळ्यांचाच बरा असतो.

किशोर गटाबद्दल मात्र सावध राहावं. लवकर वाढ झालेला पोरगा त्या वयात निव्वळ ताकदीने रेटून पकडी सोडवतो. गुणांचा पाऊस पडतो. दोन वर्षांत बाकीच्यांची वाढ त्याला गाठते आणि रेटणं संपतं. पायात काही शिकवलेलंच नसतं. या वयात गुणांचा रकाना झाकून ठेवावा आणि वळतो कसा, दोन्ही बाजूंनी चढतो का, हात टाकताना मागचा पाय कुठे ठेवतो, एवढंच पाहावं. लहानखुरा पोरगा, जो आज दोन गुण घेऊन मरतो पण दोन्ही पायांवर वळतो, त्याला धरून ठेवा. वजनाच्या मर्यादेसाठी आदल्या दिवशी पाणी तोडून, स्वेटर घालून पळवलेल्या पोराचा त्या दिवशीचा खेळ तर मोजूच नये. तो उत्तरार्धात गळतो, आणि पालक विचारतात आज असं काय झालं. काय झालं ते सकाळी काट्यावर झालं.

निवड चाचणीत दहा-पंधरा मिनिटांत सगळं दाखवायचं असतं, म्हणून पोरं अवघड उड्या मारायला जातात. पाहणारा जाणकार असेल तर तो चढाई संपल्यावर पाहतो: बाद झाल्यावर पोरगा बाहेर जाताना कुणाला काही सांगून जातो का, ‘उजवा कव्हर लवकर येतोय’ एवढं तरी.

सामना संपल्यावर वही लगेच दाखवू नये. दहा मिनिटं जाऊ द्यावीत, पाणी प्यावं, मग पोरालाच विचारावं: किती चढाया केल्यास, कितीदा बाद झालास, समोर किती होते तेव्हा? तो सांगेल ते वहीच्या समासात पेन्सिलने लिहायचं आणि मग खरा आकडा दाखवायचा. सुरुवातीला पोरं स्वतःच्या रिकाम्या चढाया निम्म्याच सांगतात. काही महिन्यांनी समासातला आकडा आणि रकान्यातला आकडा एक-दोनाच्या फरकावर येतो. तोवर समासात पेन्सिल चालूच ठेवायची.